सोलला निघण्याआधी

ओडिशातलं राउरकेला हे गाव पोलादाच्या कारखान्यामुळे माहीत असलेलं. तिथल्या श्रेया लेंकाला मे २०२२ मध्ये ‘ब्लॅकस्वान’ या दक्षिण कोरियातल्या गटात जागा मिळाली आणि के-पॉपमधली पहिली भारतीय म्हणून तिचं नाव सगळीकडे झालं. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मूळची केरळची आरिया ‘एक्सइन’ या गटातून रंगमंचावर आली. तेव्हापासून आपल्याकडेही घराघरांतून एक विचारणा सुरू झाली आहे. मुलीला किंवा मुलाला कोरियात जाऊन गायचं आहे, नाचायचं आहे. आईवडिलांनी नक्की करायचं काय?

उत्तर शोधताना श्रेयाची गोष्ट जरा खोलात जाऊन पाहावी. ती ओडिसी शिकलेली मुलगी. नोव्हेंबर २०२० मध्ये ब्लॅकस्वानमधली एक गायिका बाहेर पडली, जागा रिकामी झाली आणि कंपनीने जगभरातून ऑनलाइन ऑडिशन मागवल्या. त्यातून श्रेया आणि ब्राझीलची गाबी अशा दोघी निवडल्या गेल्या, पण त्या गटासाठी नव्हे, सोलमधल्या प्रशिक्षणासाठी. काही महिने तालमी, परीक्षा आणि टांगणी, मग दोघींनाही घेतलं गेलं. जानेवारी २०२३ मध्ये हॉकी विश्वचषकाच्या सोहळ्यासाठी हा गट कटकला आला, आणि त्याच वर्षी ‘कर्मा’ या गाण्याच्या व्हिडिओचं चित्रीकरण ओडिशात झालं. ओडिशाची मुलगी गटात आली आणि वर्षभराच्या आत गट ओडिशात पोचला. यात वावगं काही नाही. धंद्याचा हिशेब असाच चालतो, आणि परदेशी इच्छुकाने पहिल्या दिवसापासून तो समजून घ्यायला हवा.

कोरियात गाणारी-नाचणारी मुलं कमी नाहीत. तरीही कंपनी परदेशातून मूल आणते, त्याचा राहण्याचा खर्च करते, त्याला भाषा शिकवते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर त्या मुलाचा देश असतो. २००५ मध्ये ‘सुपर ज्युनियर’मध्ये हान गंग आला, त्याच्यामागे चीनची बाजारपेठ होती. २००८ मध्ये ‘टूपीएम’मधला निचखून थायलंडमध्ये घरोघरी पोचला. ‘ट्वाइस’मध्ये तीन जपानी मुली आणि एक तैवानची मुलगी आहे, आणि या गटाने जपानमध्ये भरभक्कम कमाई केली आहे. ‘ब्लॅकपिंक’ची लिसा २०१० मध्ये थायलंडमधल्या सुमारे ४,००० इच्छुकांतून एकटी निवडली गेली, वयाच्या चौदाव्या वर्षी सोलला गेली आणि २०१६ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा प्रेक्षकांसमोर आली. मधली पाच वर्षं नुसती तालीम.

मग प्रश्न असा की, या हिशेबात भारत कुठे बसतो? इथे ऐकणारे आणि पाहणारे अफाट आहेत, पण दर श्रोत्यामागे हाती येणारा पैसा जपान-अमेरिकेच्या मानाने फार थोडा. इतकी वर्षं भारतीय चेहरे मोठ्या कंपन्यांऐवजी छोट्या कंपन्यांच्या गटांत दिसले, त्यामागे हेही एक कारण असावं. वारं आता बदलतं आहे. बीटीएसची मालक कंपनी ‘हाईब’ने २०२५ मध्ये मुंबईत आपली भारतीय शाखा उघडली. म्हणजे पुण्या-नाशिकच्या मुलामुलींनी सोलच्या आधी मुंबईकडे लक्ष ठेवायला हरकत नाही. मात्र भारतात बसून भारतीयांसाठी गट काढणं आणि सोलमधल्या गटात भारतीय घेणं, या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत. कोणत्या नोकरीसाठी अर्ज करतो आहोत हे माहीत असावं.

तिसऱ्या वाटेचं उदाहरण म्हणजे ‘कॅट्सआय’. हाईब आणि अमेरिकेतल्या ‘गेफन’ या संगीत कंपनीने मिळून जगभरातून १ लाख २० हजारांवर अर्ज मागवले, त्यातून सहा मुली निवडल्या आणि जून २०२४ मध्ये गट बाजारात आणला. त्यातली लारा राज तमिळ घरातली. आपल्याकडच्या पालकांना तिचं नाव फार लवकर आठवतं. पण ती अमेरिकेत वाढलेली, तालीम लॉस एंजलिसला, कामाची भाषा इंग्रजी. व्हिसा, भाषा आणि परका देश हे तीन डोंगर तिच्या वाट्याला आलेच नाहीत. सांगलीच्या मुलीने तिचा आदर्श जरूर ठेवावा. वेळापत्रक मात्र तिच्यावरून आखू नये.

देशाचा चेहरा म्हणून घेतलं जाण्याची किंमतही असते. ‘ट्वाइस’च्या तैवानी चू-यूने एका कार्यक्रमात तैवानचा झेंडा हाती धरला. त्यावरून चीनमध्ये गदारोळ झाला, आणि जानेवारी २०१६ मध्ये, तैवानच्या निवडणुकीच्या तोंडावर, त्या सोळा वर्षांच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर माफी मागावी लागली. हान गंगच्या बाबतीत परदेशी कलाकारांच्या व्हिसाचे नियम आडवे आले. टीव्हीवरच्या काही कार्यक्रमांत त्याला मुखवटा घालून नाचावं लागलं. भारतीय मुलीच्या वाट्याला तिच्या रंगावरच्या शेरेबाजीपासून देशातल्या राजकारणापर्यंत काहीही येऊ शकतं. गोऱ्या रंगाचं वेड त्या धंद्यात उघड आहे, आणि ते आपल्याला नवीन नाही.

आता ऑडिशनबद्दल. मोठ्या कंपन्या वर्षभर ऑनलाइन अर्ज घेतात आणि त्यासाठी पैसे घेत नाहीत. इन्स्टाग्रामवर निरोप पाठवून ‘कास्टिंग’च्या नावाखाली नोंदणी फी मागणारा माणूस ठगच असतो, त्यावर वेगळा विचार करत बसू नये. कपड्यांबाबत विचित्र मागण्या करून फोटो मागितले तरी संभाषण तिथेच थांबवावं आणि घरात सांगावं. वयाचा मुद्दा कटू आहे: बहुतेक कंपन्यांना शाळकरी वयातली मुलं हवी असतात, कारण पुढची तीन-चार वर्षं तालमीत जाणार हे गृहीत असतं. बारावी झाल्यावर बघू, असं म्हणणाऱ्या घराला अनेकदा उशीर झालेला असतो. श्रेया निवडली गेली तेव्हा अठराची होती. त्या धंद्यात ती उशिरा आलेलीच म्हणायची.

व्हिडिओ घरात सहज करता येतो, आणि बिघडतोही घरातच. फोन हातात न धरता टेकवून ठेवावा, डोक्यापासून पावलांपर्यंत सगळं चौकटीत यावं. परीक्षक पावलं बघतात, आणि नेमकी तीच अर्ध्या व्हिडिओंत कापली गेलेली असतात. फरशीवर मोजे घालून नाचू नये; घसरण्याच्या भीतीने अंग चोरलं जातं आणि ते दिसतं. गाण्याच्या वेळी पंखा बंद, प्रेशर कुकर बंद, आणि मागे कॅराओके ट्रॅक न लावता एक कडवं आणि ध्रुवपद नुसत्या आवाजात म्हणावं. फिल्टर, रिव्हर्ब, सुरांची दुरुस्ती यांतलं काहीही नको. भाषेची अट सहसा नसते. मोडक्या कोरियनमध्ये गायलेल्या ओळखीच्या हिट गाण्यापेक्षा स्वतःच्या पट्टीतलं हिंदी किंवा मराठी गाणं आवाजाची खरी ओळख देतं. शास्त्रीय बैठक असलेल्या मुलांनी हरकती-मुरक्या आवरायला शिकावं. पॉपमध्ये सूर सरळ ठेवून त्यावर शब्द फेकायचे असतात, आणि नाचतानाही श्वास पुरवायचा असतो. धावत धावत गाण्याचा सराव हा तिथे विनोद नाही, रोजचा अभ्यास आहे.

दिल्लीचं कोरियन सांस्कृतिक केंद्र दरवर्षी देशभरातली के-पॉप स्पर्धा घेतं. अशा स्पर्धेतलं बक्षीस म्हणजे करार नव्हे. अनोळखी परीक्षकांसमोर, खराब ध्वनियंत्रणेवर, ठरलेल्या मिनिटांत काम करण्याची सवय मात्र तिथे लागते, आणि ती घरातल्या आरशासमोर लागत नाही.

भाषा आधी शिकावी की निवड झाल्यावर? आधी. हांगुल ही लिपी १४४६ मध्ये राजा सेजोंगने जाहीर केली. मुळाक्षरं अवघी २४, आठवड्याभरात वाचता येतात. व्याकरणात मराठी माणसाला एक सोय आहे: क्रियापद शेवटी येतं, विभक्तीसारखे प्रत्यय शब्दाला मागून जोडले जातात, आणि वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप बदलतं. इंग्रजी बोलणाऱ्याला जे डोक्यावरून जातं ते आपल्याला ओळखीचं वाटतं. कोरियन भाषेच्या ‘टोपिक’ परीक्षेच्या सहा पातळ्या आहेत. तिसरीपर्यंत पोचलेला माणूस रोजचे व्यवहार स्वतः निभावतो. पण मुलाखतीच्या कार्यक्रमात हजरजबाबीपणा लागतो, ज्येष्ठ कलाकाराला काय म्हणून हाक मारायची हे लागतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपल्याबद्दल खोलीत काय बोललं जातं आहे ते कळावं लागतं. गाण्याचं काही जमलं नाही तरी हे शिक्षण वाया जात नाही. पुण्याजवळ रांजणगावला एलजीचा आणि तळेगावला ह्युंदाईचा कारखाना आहे, आणि कोरियन येणाऱ्या दुभाष्याला तिथे किंमत आहे.

प्रशिक्षणार्थीचा दिवस सकाळी शाळा किंवा भाषेचा वर्ग, दुपारपासून रात्रीपर्यंत गाणं आणि नाच, असा जातो. महिन्याच्या शेवटी मूल्यमापन: कंपनीच्या माणसांसमोर आणि कॅमेऱ्यासमोर गाणं-नाच सादर करायचं, मग निकाल. त्यातून मुलं कमी होत जातात, आणि शेजारच्या पलंगावरची मैत्रीण सकाळी बॅग भरताना दिसते. गटात आल्यावरही उसंत नाही. आठवड्याच्या संगीत कार्यक्रमांचं चित्रीकरण पहाटेपासून असतं, म्हणून मुली रात्री दोन-तीनला सोलच्या चोंगदाम-दोंग भागातल्या सलूनमध्ये खुर्चीवर बसून झोपलेल्या असतात आणि त्यांचे केस कोणी तरी करत असतं. शाकाहारी घरातल्या मुलांना आणखी एक अडचण येते. किमचीत बहुधा माशाचं किंवा कोळंबीचं खारवण असतं, साध्या दिसणाऱ्या सूपचं पाणी सुकट उकळून केलेलं असतं. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. वजनावर पाळत असतेच. हे सगळं डोळ्यांसमोर ठेवून मुलाशी आधी मोकळेपणाने बोलावं, आणि ‘परत ये’ म्हणण्याची मुभा घरातून कायम असावी. ताण असह्य होऊन जीव गमावलेल्या कलाकारांच्या बातम्या त्या देशाने अनेकदा पाहिल्या आहेत.

खरा अभ्यास कराराचा. २००९ च्या जुलैमध्ये ‘टीव्हीएक्सक्यू’ या त्या वेळच्या सर्वांत मोठ्या गटातले तिघे कंपनीविरुद्ध न्यायालयात गेले; त्यांचा करार तेरा वर्षांचा होता. त्याच वर्षी कोरियाच्या रास्त व्यापार आयोगाने नमुना करार आणला आणि सात वर्षांची मर्यादा घातली. डिसेंबरमध्ये हान गंगनेही दावा ठोकला, आणि वर्षभराने निकाल त्याच्या बाजूने लागला. सात वर्षांचा नियम आज सगळ्यांना पाठ आहे, पण ती सात वर्षं सही केल्यापासून मोजायची की गट बाजारात आल्यापासून, हे करारात बघावं लागतं. दोन्हींत तीन-चार वर्षांचा फरक पडू शकतो.

प्रशिक्षणार्थीचा करार वेगळा असतो आणि त्याकडे पालक फारसं लक्ष देत नाहीत, कारण मूल अजून ‘काही झालेलं’ नसतं. खरं तर अडकण्याची जागा हीच. २०१७ मध्ये रास्त व्यापार आयोगाने अनेक नामांकित कंपन्यांच्या अशा करारांतली कलमं बदलायला लावली. मध्येच सोडून गेलेल्या मुलाकडून प्रशिक्षणाच्या खर्चाच्या दोन-तीन पट रक्कम वसूल करण्याची तरतूद काहींत होती. २०१९ मध्ये प्रशिक्षणार्थींसाठीही सरकारी नमुना करार आला, त्यात कमाल मुदत तीन वर्षांची आहे. तेव्हा हाती आलेला मसुदा या नमुन्याशी ओळीनुओळ ताडून बघणं हे पहिलं काम. मसुदा बहुधा कोरियनमध्ये असतो, आणि वाद झाला तर कोरियन प्रतच ग्राह्य धरली जाते, असं कलमही असतं. कंपनीने दिलेल्या इंग्रजी सारांशावर सही करू नये. स्वतंत्र अनुवाद करून घ्यावा, आणि सोलमधल्या वकिलाचे तासाभराचे पैसे मोजावेत. महागडा ड्रेस, फोटोशूट, डान्सचा खास वर्ग यांवर जेवढे जातात त्यापेक्षा हे पैसे जास्त कामी येतात.

पैशांचं कलम असं चालतं. गट बाजारात आणायला झालेला खर्च, म्हणजे व्हिडिओ, कपडे, गाणी, राहण्याची जागा, आधी वसूल होतो. तो भरून निघाल्यावरच कलाकाराचा वाटा सुरू होतो. ‘एओए’ या गटाच्या मुलींनी तीन वर्षं आपल्याला काही मिळालं नाही असं उघड सांगितलं होतं. म्हणून चार गोष्टी लेखी हव्यात: कोणता खर्च वजा होणार, प्रशिक्षणाचा खर्च त्यात धरला आहे का, गटातल्या एकीची जाहिरात असेल तर पैसे कसे वाटले जाणार, आणि हिशेब दर किती महिन्यांनी दाखवणार. हिशेब मागण्याचा हक्क नमुना करारात कलाकाराला दिलेला आहे. तो मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

कोरियाचा कायदा या मुलांना कामगार मानत नाही, ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. ‘न्यूजीन्स’ची हान्नी ही व्हिएतनामी वंशाची ऑस्ट्रेलियन मुलगी ऑक्टोबर २०२४ मध्ये कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल थेट संसदेच्या समितीसमोर बोलली. पुढच्याच महिन्यात कामगार खात्याने ती कामगार कायद्याखाली येत नाही, असं सांगून तक्रार निकालात काढली. थोडा आधार २०१४ पासून लागू असलेल्या करमणूक उद्योगाच्या कायद्याचा आहे. पंधरा वर्षांखालच्या कलाकाराला आठवड्याला ३५ तासांची मर्यादा, त्यावरच्या अल्पवयीनाला ४० तासांची, आणि रात्री दहा ते सकाळी सहा काम नाही. या शेवटच्या नियमाला पालकांच्या संमतीने काही अपवाद आहेत. कलाकारांचं व्यवस्थापन करणाऱ्या कंपनीची सरकारी नोंदणी याच कायद्याने सक्तीची आहे. नोंदणी क्रमांक मागावा. द्यायला टाळाटाळ झाली तर विषय संपला.

आणि व्हिसा. पर्यटक म्हणून जाऊन कंपनीत तालीम करणं, ‘नंतर बघू’ म्हणत राहणं, हा सरळ सापळा आहे. भाषा किंवा प्रशिक्षणासाठी डी-४, पैसे घेऊन सादरीकरण करण्यासाठी ई-६, असे प्रकार आहेत. ई-६ मध्येही पोटप्रकार पडतात, आणि त्यातला ई-६-२ हा हॉटेलं आणि क्लबांतल्या करमणुकीसाठीचा. गायिका म्हणून नेलेल्या परदेशी मुलींना बारमध्ये गिऱ्हाइकांसोबत बसवल्याच्या तक्रारी मानवाधिकार संघटनांनी वर्षानुवर्षं मांडल्या, त्या याच व्हिसाबाबत. पासपोर्टवर कोणता अंक पडणार हे निघण्याआधी विचारलंच पाहिजे. शंका असेल तर मुंबईत कोरियाचा वाणिज्य दूतावास आहे. मध्ये भारतीय दलाल असेल, तर परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, आणि ती ‘ई-मायग्रेट’वर तपासता येते. शिवाय ई-६ व्हिसा कंपनीशी बांधलेला असतो. कंपनीशी भांडण झालं की देशात राहण्याचा आधारही डळमळतो. कोरियन मुलीच्या मानाने परदेशी मुलगी तिथेच कमजोर पडते. करार मोडला तर परतीचं तिकीट कोण काढणार, हे कलम म्हणून मसुद्यात असावं.

बाजूने जाणारी एक शांत वाट आहे. कोरिया सरकारची ग्लोबल कोरिया शिष्यवृत्ती भारतीयांना खुली आहे; तिच्यात आधी भाषेचं शिक्षण आणि मग पदवी असा क्रम असतो. विद्यार्थी म्हणून सोलमध्ये राहून सोंगसू-दोंगच्या ‘वन मिलियन’सारख्या नाचाच्या स्टुडिओत वर्ग करता येतात, धंद्यातल्या माणसांशी ओळखी होतात, आणि कोणाच्याही खर्चाचं ओझं डोक्यावर नसतं. सहा महिन्यांहून जास्त राहणाऱ्या परदेशी माणसाला राष्ट्रीय आरोग्य विम्याचा हप्ता भरावा लागतो. तो बजेटमध्ये धरावा.

ज्यांचं वय उलटून गेलं आहे, किंवा ज्यांना कॅमेऱ्यासमोर यायचंच नाही, त्यांच्यासाठी तर कोरियात दार जास्त उघडं आहे. के-पॉपची कितीतरी गाणी परदेशात लिहिली जातात. ‘एसईएस’ या मुलींच्या गटाचं १९९८ मधलं गाजलेलं गाणं मूळ फिनलंडचं. तेव्हापासून उत्तर युरोपातल्या गीतकार-संगीतकारांची सोलकडे रांग लागली. स्वीडनचा जॅझ गिटारवादक आंद्रेआस ओबर्ग त्यांतलाच. बीटीएसचं ‘डायनामाइट’ दोन ब्रिटिश लेखकांनी लिहिलं. कंपन्या आठवडाभराची शिबिरं भरवतात. एकाने ताल आणलेला असतो, दुसरी त्यावर चाल गुणगुणते, तिसरा इंग्रजी शब्द टाकतो, आणि संध्याकाळपर्यंत डेमो तयार होतो. कोरियन शब्द नंतर तिथला गीतकार बसवतो. या कामासाठी वय, उंची, रंग कोणी विचारत नाही, सोलला मुक्कामही लागत नाही. पुण्यातल्या एखाद्या खोलीत बसून चाली बांधणारा मुलगा या रांगेत उभा राहू शकतो. कंपनीला थेट मेल करून मात्र बहुधा काही होत नाही. कोरियन बाजारात गाणी पोचवणाऱ्या प्रकाशकाकडे आपले तीन-चार उत्तम डेमो जावे लागतात. त्याआधी गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या मुंबईतल्या आयपीआरएस या संस्थेचं सभासदत्व घ्यावं, म्हणजे परदेशातली रॉयल्टी कोरियाच्या ‘कॉम्का’ या संस्थेमार्फत इकडे येण्याचा मार्ग राहतो. आणि चौघांनी मिळून गाणं केलं असेल तर कोणाचा किती टक्के हिस्सा हे त्याच संध्याकाळी, डेमो कोणालाही पाठवण्याआधी, कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्याव्यात.